बद्ध अवस्थेतले सर

सर कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातच थांबायचे आणि खोलीच्या चारी भिंतींवरून नजर फिरवायचे. मग चपला काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकदा चालून बघायचे. पाण्याचा तांब्या त्यानंतर. साताऱ्यात मी एका खोलीचं बिऱ्हाड भाड्यानं घेतलं तेव्हा ते बघायला आले. ओट्यापाशी चालायला सुरुवात केली आणि लगेच पलंगाला गुडघा आपटून थांबले. चेहरा उजळला.

"मॅडम, वा! तुमची प्रगती आता कुणी रोखू शकत नाही."

त्याच आठवड्यात आमच्या प्राचार्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. सर हॉलच्या मधोमध उभे राहिले, सगळीकडे बघितलं आणि अतिशय कळवळून म्हणाले, "एवढा मोठा हॉल कशाला बांधलात? आता इथं तुम्ही हळूहळू विझणार." प्राचार्यांच्या सासूबाई प्रसादाची ताटली घेऊन समोरच उभ्या होत्या. ती ताटली सरांपर्यंत पोचली नाही.

उंब्रजच्या अलीकडं हायवेपासून थोडं आत, उसाच्या फडांत आमचं कॉलेज होतं. भौतिकशास्त्र विभाग म्हणजे विभागप्रमुख सर, आणि तासिका तत्त्वावरची मी. सरांचं सगळं आयुष्य एका नियमाभोवती फिरत होतं. इलेक्ट्रॉनसारखा बारीक कण डब्यात कोंडला, तर डबा जितका लहान तितकी त्याची ऊर्जा जास्त. मोठ्या डब्यात तो सुस्तावतो, लहान डब्यात उसळतो. हे इलेक्ट्रॉनच्या बाबतीत अगदी खरं आहे, हे भौतिकशास्त्र शिकवणारी बाई म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगते. पण जे इलेक्ट्रॉनला लागू ते माणसाला, म्हशीला आणि तहसील कचेरीला लागू नसावं, असं मानायला सरांना काही कारण दिसत नव्हतं.

विभागप्रमुखांची प्रशस्त केबिन त्यांनी कधीच सोडून दिली होती. तिथं आता क्रीडा विभागाच्या चटया आणि फुटके व्हॉलीबॉल असायचे. सर बसायचे जिन्याखाली, झाडू-फिनेलच्या कोठीत. खुर्चीत बसलं की गुडघे दाराबाहेर यायचे. भेटायला आलेला माणूस जिन्याच्या पायरीवर बसून, वाकून आत बघत बोलायचा. गावात राहायला त्यांनी एवढीशी खोली घेतली होती, की झोपताना कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं व्हावं लागायचं. घरमालकिणीला बिचारीला वाटलं मास्तरांची ओढाताण आहे. ती रोज संध्याकाळी भाकरी आणि पिठलं पाठवायची. "पगार बरा आहे हो माझा," असं सर सांगायचे, आणि ती पदर डोळ्याला लावून म्हणायची, "आसू द्या, आसू द्या. दिस पालटत्यात."

जिन्याखाली टेबलाच्या खणात सरांची दौलत होती. विद्यापीठातल्या एका मित्राकडून आणलेल्या काचेच्या छोट्या कुप्या. त्यांच्यावर जांभळा दिवा धरला की एक निळी पेटायची, एक हिरवी, एक पिवळी आणि शेवटची तांबडी. आत एकच पदार्थ. फरक एवढाच की निळ्या कुपीतले कण सगळ्यांत बारीक आणि तांबड्या कुपीतले त्या मानानं मोठे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. पुस्तकात गणित करून आलेली ती गोष्ट हातात धरता येत होती.

"सोन्याची पाटली असो नाहीतर मणी, रंग तोच ना?" सर म्हणायचे. "पण पुरेसा बारीक केलात की पदार्थ आपली ओळख विसरतो. जागाच ठरवते तो कोण ते."

नंतर त्यांनी गुळापासून असे चमकणारे कण करायला घेतले. गुळाचं पाणी जुन्या मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं, गाळायचं, त्यावर दिवा धरायचा. निळसर उजेड पडायचा खरा. "यात निव्वळ आकाराचं श्रेय किती ते सांगणं अवघड आहे," असंही ते प्रामाणिकपणे सांगायचे. पण सगळ्या कॉलेजला जळक्या काकवीचा वास यायचा आणि प्रयोगशाळेत मुंग्यांची रांग सुरू झाली ती आजतागायत आहे.

एकदा त्यांनी वर्गाची अर्धी बाकं बाहेर काढली आणि सगळी मुलं उरलेल्या बाकांवर दाटीवाटीनं बसवली. अर्ध्या तासात मागच्या दोघांची कोपरावरून जुंपली, पुढचे त्यांना सोडवायला गेले, आणि आवाज ऐकून प्राचार्य धावत आले. सर फळ्यापाशी हात पाठीमागं बांधून उभे होते.

"हे काय चाललंय?"

"ऊर्जा वाढली," सर समाधानानं म्हणाले.

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सांगलीला असायच्या. काकूंच्या माहेरचा हळदीचा व्यापार होता आणि भावाच्या माघारी तो सगळा त्याच बघायच्या. सांगलीला त्यांनी मोठं घर बांधलं होतं. सर शनिवारी तिकडं जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे, पुढं पुढं तर रविवारी सकाळीच. त्या दोघांचं पटत नाही, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांचं ठरून गेलं होतं. मी सरांना कधी विचारलं नाही. जिन्याच्या पायरीवर बसून वाकून विचारायचा तो प्रश्न नव्हता.

आता विहिरीचं सांगते.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर सर 'पोटेन्शियल वेल' शिकवत होते. मी मागच्या बाकावर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. एका मुलीनं हात वर केला. "सर, पुस्तकात नुसती रेघ आहे. खाली गेली, आडवी झाली, वर आली. हिला विहीर का म्हणायचं?"

सरांनी फळ्यावरच्या रेघेकडं बघितलं, जणू तिनं त्यांना फसवलं होतं. खडू ठेवला. "चला," म्हणाले.

कॉलेजच्या कुंपणामागं लगेच सुभेदारांचं रान लागायचं. सुभेदार म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्यूटीवर असलेले गृहस्थ. त्यांची जुनी दगडी विहीर होती. कडेच्या दगडांतून पायऱ्यांचे दगड बाहेर काढलेले, खाली मोटार बसवायचा कट्टा आणि त्याखाली काळं पाणी. मी "सर, सर" म्हणेपर्यंत सर उतरायला लागले होते. वय साठीच्या दारात, पायात चामड्याच्या चपला. कट्ट्यावर पोचले, मोटारीला टेकले आणि वर बघून ओरडले, "मी आता कुठं आहे?"

"खाली!" मुलं ओरडली.

"चूक! मी बद्ध अवस्थेत आहे! माझ्याकडं ऊर्जा आहे, पण काठ ओलांडण्याइतकी नाही! म्हणून मी इथून सुटू शकत नाही!"

त्यांचा आवाज विहिरीत घुमून दुप्पट होऊन वर यायचा. नेमकी तेव्हा शेजारच्या फडातून एक बाई वैरणीचा भारा घेऊन चालली होती. तिनं ऐकलं. भारा तिथंच टाकला आणि वस्तीकडं पळत सुटली. "आवं, मास्तरानं हिरीत उडी टाकली! म्हनं मी आता सुटत न्हाई!"

थोड्याच वेळात विहिरीवर माणूस मावेना. मुलांनी मोबाइल काढले. सुभेदार काठी घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी गर्दी मागं रेटली. "पीछे! काठावर कुणी याचं न्हाई! हितं मी बघतो!" मग आत वाकून, जपून, "सर, तुमी अजिबात हलू नका. आमी हाय."

"न हलणं अशक्य आहे, सुभेदार!" सर खालून म्हणाले. ते शिकवण्याच्या भरात होते, वर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "अगदी तळाशी गेलेला कणसुद्धा स्वस्थ बसत नाही. तो थरथरतच राहतो!"

सुभेदारांनी मागं वळून सगळ्यांना खबर दिली. "थरथरत्यात म्हनं. घोंगडं आना रं कुणीतरी."

मी सांगायचा प्रयत्न केला की सर शिकवतायत. "हिरीत?" एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, की माझी मलाच शंका आली.

"मास्तर," सुभेदार परत वाकले, "घरात काय भांडान-बिंडान झालंय का? मन मोकळं करा."

"घरात सगळं उत्तम आहे. मला माझा तास घेऊ द्या."

"मग वर यून घ्या की. आमी बी बसतो."

हे सरांना पटलं. त्यांनी पहिल्या दगडावर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला, आणि तिथंच त्यांचा गुडघा आखडला. चपलेखालचं शेवाळ सुटलं. ते घसरत परत कट्ट्यावर आले आणि मोटारीच्या पाइपाला मिठी मारून उभे राहिले. एक चप्पल पाण्यात पडली. तिचा डुबुक आवाज घुमत वर आला. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते बोलत होते तोवर मला भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. त्यांनी गर्दीतून नेमकं मला शोधलं आणि म्हणाले, "मॅडम, तास जरा लांबेल असं दिसतंय."

दोर सोडावा तर त्यांना तो कमरेला बांधता येईना, पाइप सोडायचा धीर होईना. कुणाला तरी खाली उतरवावं तर कट्ट्यावर एकाचीच जागा. शेवटी सुभेदारांनी माणूस पिटाळला. दोन रानं सोडून नव्या विहिरीची खुदाई चालू होती, तिथली यारी आणायची ठरली. यारी म्हणजे विहिरीतला दगड-गाळ लोखंडी डब्यातून वर ओढायचं यंत्र. ती ट्रॅक्टरमागं बांधून आणायची म्हणजे वेळ लागणार. तोवर सरांचा हात सुटू नये म्हणून त्यांना बोलतं ठेवायला हवं होतं. ते त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीनंच ओळखलं. तिनं काठावर पालथं पडून विचारलं, "सर, कण विहिरीतून कधीच बाहेर येत नाही का?"

सरांच्या आवाजात लगेच जीव आला. "शाब्बास! येतो! भिंत पुरेशी पातळ असेल तर तो वर न चढता थेट भिंतीतून पलीकडं निघतो!"

सुभेदार चमकले. "भित्तीतनं?"

"आरपार! माझ्याही बाबतीत ती शक्यता शून्य नाही!"

"मग या की!"

"विश्वाच्या वयापेक्षा जास्त वेळ लागेल, सुभेदार."

सुभेदारांनी खरोखर विचार केला. मग मान हलवली. "तेवढं न्हाई थांबता याचं. सोमवारी आमची ऊसतोड हाय."

मी काकूंना फोन केला होता. योगायोगानं त्या हळद पोचवायला कराडला आल्या होत्या. यारीच्या आधी त्यांचा टेम्पो आला. त्या उतरल्या तेव्हा पातळावर, केसांवर, चष्म्यावर हळदीची भुकटी होती. गर्दीनं आपोआप वाट दिली. वैरणवाली बाई दुसरीला म्हणाली, "हीच ती बायकू." काकूंनी ते ऐकलं. काठावर बसल्या, आत बघितलं आणि म्हणाल्या, "अहो."

खालून आवाज आला, "तू कशाला आलीस?"

"तुम्ही विहिरीत गेलात म्हणून."

"शिकवायला आलोय."

"ते मला कळलं. पण या लोकांना वाटतंय माझ्यामुळं गेलात." त्या थांबल्या, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्यामुळं नाही ना?"

हळू बोलल्या तरी विहिरीला ते कळत नव्हतं. तिनं ते सगळ्या रानाला ऐकवलं. सरांनी पाइपावरची मिठी आवळली.

"मला त्या घरात राहवत नाही," ते म्हणाले. "केवढा तो हॉल. त्यात मी कुठंही असू शकतो, म्हणजे कुठंच नसतो. तू स्वयंपाकघरातून हाक मारतेस ती माझ्यापर्यंत येईतो तिच्यात तू उरलेली नसतेस. म्हणून रविवारी पळून येतो. तुझ्यामुळं नाही. उलट तिथं तू सापडत नाहीस म्हणून."

वैरणवालीनं पदर तोंडाला लावला.

काकू म्हणाल्या, "हे बांधायच्या आधी सांगायला काय झालं होतं? नकाशा दाखवला तेव्हा मान हलवलीत तुम्ही."

"मला वाटलं त्यावरचं प्रमाण चुकलंय."

"आणि चार वर्षं मला वाटलं, माणूस मला कंटाळलाय." त्यांनी चष्मा काढून पातळाला पुसला. त्यानं तो आणखी पिवळा झाला. "वर या आधी. मग बघते तुमच्याकडं."

"कसा येऊ? गुडघा आखडलाय."

"मग पाइप सोडू नका. मी इथंच बसलीय."

यारी येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मधूनमधून काकू नुसतं "अहो" म्हणायच्या आणि खालून "आहे, आहे" असं यायचं.

यारी आली, डबा खाली गेला. सरांनी त्याच्याकडं बघून "जरा मोठा आहे," म्हणायला सुरुवात केली, पण सुभेदार कडाडले, "सर! गप बसा त्यात!" आणि सर आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता डब्यात बसले. दोर ताणला, इंजिन धडधडलं, आणि विभागप्रमुख गोल फिरत वर यायला लागले. निम्म्यावर आल्यावर त्यांना कर्तव्याची आठवण झाली. "ही ऊर्जा मला बाहेरून मिळाली आहे," ते ओरडले, "लिहून घ्या!" काठाच्या वर आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी हरहर महादेव म्हटलं. सुभेदारांनी त्यांच्या अंगावर घोंगडं टाकलं. काकूंनी त्यांच्या एकच चप्पल असलेल्या पायांकडं बघितलं आणि त्यांना टेम्पोत पुढं, ड्रायव्हर आणि स्वतःच्या मधे चेपून बसवलं.

मोबाइलवर ते सगळं कुठवर पोचलं हे सांगायला नको. संस्थेनं सरांना बोलावून घेतलं. विहिरीत उतरण्याआधी परवानगी घेतली होती का, असं विचारल्यावर सर म्हणाले, "सुभेदारांची घ्यायला हवी होती, हे मान्य." मग फर्मान निघालं की अभ्यासक्रमातली कोणतीही संकल्पना प्रत्यक्ष ठिकाणी उतरून समजावू नये. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी त्याचा आधार घेऊन सहलच रद्द केली. परीक्षेत विहिरीवर प्रश्न आला आणि आमच्या सगळ्या मुलांनी तो सोडवला. आकृतीत एकानं मोटारही काढली होती.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि सांगलीला गेले. पुढल्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले.

हॉल खरंच अवाढव्य होता. माझा "येऊ का?" तिकडच्या भिंतीला लागून परत आला. एका कोपऱ्यात नव्या विटांची भिंत घालून इवलीशी खोली काढली होती. गिलावा झाला होता, रंग अजून नव्हता. तिचं दार बंद होतं आणि सर बाहेर, शोकेस आणि सोफ्याच्या मधल्या फटीत खुर्ची घालून बसले होते.

"सर, झाली की तुमची खोली!"

"झाली," सर म्हणाले. "हिनंच गवंडी बोलावला. मी सांगितलं त्या मापानं बांधून घेतली. गिलावा वाळल्यावर पंख्याचं वारं नीट लागतं का बघायला ही आत गेली आणि कडी घातली."

"मग?"

"मग आतच आहे. म्हणजे जेवायला येते, दुकानात जाते. पण आली की तिथं."

आतून काकूंचा आवाज आला. "कोण आलंय?" दार उघडून त्या बाहेर आल्या. मी त्यांना इतकं ताजंतवानं कधी बघितलं नव्हतं. चहा टाकता टाकता मला म्हणाल्या, "अगं, काय सांगू तुला. माहेरी चौदा माणसं, मग दुकान, मग हे एवढं घर. हाक आली की उठायचं, एवढंच ठाऊक. आता आत जाते, कडी घालते आणि नुसती पडते. कधी गाणं म्हणते. परवा तर गोदामात दोन हमालांचं काम एकटीनं उरकलं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "सिद्धांत बरोबर होता, मॅडम," ते खिन्न समाधानानं म्हणाले. "कण तेवढा दुसरा निघाला."

काकू आपला कप घेऊन खोलीत गेल्या. दार लागलं. सर फटीतून उठले, दारापाशी जाऊन उभे राहिले आणि हळूच टकटक केलं.

"येऊ का?"

"दोघांना जागा नाही हो इथं."

"असते," सर दाराला तोंड लावून म्हणाले. "एका पातळीवर दोन इलेक्ट्रॉन राहू शकतात. अट एवढीच, की त्यांची फिरकी एकमेकांच्या उलटी पाहिजे."

आतून कडी निघाल्याचा आवाज.

"ती तर लग्नापासून उलटीच आहे. या."

सर अंग चोरून आत शिरले, दार लागलं, आणि त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटीच चहा पीत बसले.